विहिरीवरील विजेची मोटार : तिची रचना व बिघाडाची पारख

सोलापूर जिल्ह्याची बागाईत पूर्वीं मोटेवर चाले, आतां ती मोटारीवर चालते. मोट फाटली तर गांवांतल्या गांवांत शिवून मिळे, आणि बैल थकला तर तो उभा राहून तसें सांगे. मोटार मात्र दीडदोनशें फूट खोल बोअरांत, डोळ्यांआड व कानांआड असते. ती जळाली हें पाणी बंद झाल्यावरच कळतें. ऐन चैत्रांत उसाची पाळी आलेली, किंवा डाळिंबाचा आंबे बहार झाडावर असतां असें झालें म्हणजे मोटार वर काढण्याची मजुरी, ती पुन्हां भरून घेण्याचा खर्च आणि तोंवर पिकाची होरपळ असा तिहेरी भुर्दंड बसतो. अशा वेळीं "मोटार एकाएकीं जळाली" असें प्रत्येक जण म्हणतो. आमचें म्हणणें असें कीं, एकाएकीं जळणाऱ्या मोटारी फार थोड्या. बहुतेक मोटारी कित्येक आठवडे आधीं नोटीस देतात. ती नोटीस स्टार्टरच्या पेटीवर रोज उमटत असते, पण तिच्यावर कोणाची नजर जात नाहीं. ती कशी वाचावी, आणि मोटार जळालीच तर तिच्या जळण्यावरून दोष कोणाचा हें कसें ठरवावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आम्ही वीजतज्ज्ञ नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों व सोलापुरांत भवानी पेठेंत राहतों. या पेठेंत यंत्रमागांची वस्ती मोठी. सबब मोटारी भरून देणाऱ्या कारागिरांशीं सहजच ओळख झाली. उन्हाळा लागला कीं मागांच्या लहान मोटारींच्या शेजारीं खेड्यांतून आलेल्या पंपाच्या मोटारी त्यांच्या दुकानांपुढें रांगेनें पडतात. तेथें बसून जें पाहिलें व विचारलें, आणि मागाहून पुस्तकांशीं ताडून घेतलें, तेंच येथें मांडीत आहों.

प्रथम रचना. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं बदलत्या चुंबकत्वानें तारेंत वीज उत्पन्न होते हें सिद्ध केलें. आपल्या विहिरीवरची मोटार ही त्याच शोधाची संतति होय. १८८८ सालीं निकोला टेस्ला यांनीं अमेरिकेंत अशा मोटारीचीं पेटंटें मिळविलीं व दुसऱ्याच वर्षीं जर्मनींत काम करणाऱ्या डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या रशियन इंजिनिअरानें तीन फेजांची मोटार तयार केली. तिचा सांगाडा आजतागायत तोच आहे. आपल्या मराठी मुलुखांत किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालीं उभा राहिला व त्याच घराण्यानें १९४६ सालीं बंगळूर येथें विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. तेव्हांपासून हें यंत्र आपणांस परकें राहिलें नाहीं.

मोटारीचे भाग दोन. बाहेरचा स्थिर भाग तो स्टेटर व आंतला फिरता भाग तो रोटर. पातळ पोलादी पत्रे एकावर एक रचून स्टेटर बनवितात व त्याच्या खांचांत तांब्याच्या तारेच्या तीन गुंडाळ्या बसवितात, दर फेजास एक. तिन्ही फेजांची वीज एकाच वेळीं कमाल होत नाहीं, एकामागून एक होते. त्यामुळें स्टेटरच्या पोटांत चुंबकत्व गोल फिरूं लागतें. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यानें दोन ध्रुवांच्या मोटारींत हें चुंबकत्व मिनिटास ३००० फेरे घेतें. रोटरला बाहेरून कोणतीच तार जोडलेली नसते. त्यांत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनिअमच्या कांबींचा, दोन्ही टोकांस कड्यांनीं जोडलेला पिंजरा असतो. फिरतें चुंबकत्व या कांबींत वीज उत्पन्न करतें आणि रोटर त्याच्या मागें धांवूं लागतो. तो त्याला कधींच गांठत नाहीं, कारण गांठलें तर कांबींतील वीजच नाहींशी होईल. म्हणून मोटारीच्या पाटीवर ३००० असें न लिहितां २८५० किंवा २८८० असा आंकडा असतो. ही मागें पडण्याची रीत ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडेल.

मोटारीचा खरा शत्रु उष्णता. तारेवरचें रोधक वेष्टन ठराविक उष्णतेपर्यंतच टिकतें. तिच्यावर सुमारें १० अंश सेल्सिअस वाढले कीं वेष्टनाचें आयुष्य निम्में होतें, असा यंत्रशास्त्रांतील जुना ठोकताळा आहे. पाणबुडी मोटारींत गोष्ट आणखी नाजूक. तिच्या पोटांत पाणीच भरलेलें असतें व तारेवर प्लॅस्टिकचें वेष्टन असतें, जें पाणी उकळण्याच्या आधींच मऊ पडूं लागतें. मोटार बोअरांत सोडण्यापूर्वीं तिच्यांत स्वच्छ पाणी भरून हवेचे बुडबुडे निघून जाऊं द्यावे लागतात. घाईंत हें विसरलें तर आंतील बुश कोरडे राहून घासतात.

येथें आपल्या काळ्या खडकाची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. पाणबुडी पंपाची मांडणी अशी कीं तळाशीं मोटार, तिच्यावर पाणी ओढण्याचें तोंड व त्यावर पंप. बाहेरचें पाणी मोटारीच्या अंगावरून वर सरकत गेलें तरच ती थंड राहते. आमच्या जिल्ह्यांत बोअरास पाणी लागतें तें खडकाच्या भेगांतून, आणि भेग कोणत्या खोलीवर असेल याचा नेम नाहीं. पाणी खालीं गेलें म्हणून मोटार सर्वांत खालच्या झऱ्याच्याही खालीं उतरविली, तर पाणी वरून येतें, थेट तोंडांत शिरतें व मोटारीच्या अंगास शिवतच नाहीं. मोटार सांचलेल्या पाण्यांत शिजत राहते. पाणी भरपूर, दाब ठीक, तरी मोटार दर उन्हाळ्यास जळते अशी तक्रार असल्यास हें कारण प्रथम तपासावें. यावर उपाय साधा आहे. मोटारीवर खालीं उघडें व तोंडाच्या वर बंद असें नळकांडें चढवितात, म्हणजे पाण्यास खालून वळसा घालून मोटारीच्या अंगावरूनच जावें लागतें. बोअरचा व्यास त्यास पुरेल एवढा पाहिजे, हें अर्थातच आलें.

दुसरें कारण तीन फेजांतील विषमता. समजा, तीन फेजांमधील दाब ४१०, ४०० व ३९० व्होल्ट आहे. सरासरी ४००, तींतून जास्तींत जास्त फरक १०, म्हणजे विषमता अडीच टक्के. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण विषमतेच्या टक्क्यांचा वर्ग करून त्याची दुप्पट करावी, तितके टक्के मोटारीची तापवाढ अधिक होते. येथें ती साडेबारा टक्के झाली. प्रवाहांतील विषमता तर दाबांतील विषमतेच्या सहा ते दहा पट दिसते. हा हिशेब टोकास गेला म्हणजे एक फेज अजीबात जातो. चालू मोटार तशीच फिरत राहते, परंतु उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारें पावणेदोनपट होतो. बंद असलेली मोटार त्या स्थितींत सुरूच होत नाहीं, नुसती घुमते आणि पांच ते सातपट प्रवाह ओढून थोड्याच वेळांत जळते. एक फेज नसतांना कपॅसिटर लावून तीन फेजांची मोटार चालविण्याची जी युक्ति खेडोपाडीं चालते, तिच्यामुळें पाणी मिळतें हें खरें, पण तिन्ही गुंडाळ्यांत प्रवाह सारखा राहत नाहीं. दोनचार तासांचें तें पाणी पुढें वाइंडिंगच्या बिलांत वळतें होतें.

ऑटोस्विचबद्दल लिहिलें तर पुष्कळांस राग येईल, तरी लिहितों. रात्रीं दोन वाजतां वीज आली तर अंधारांत सापाविंचवाच्या वाटेनें विहिरीवर जाण्यापेक्षां मोटार आपोआप सुरू व्हावी ही इच्छा रास्त आहे. तिला दोष देणारा इसम रात्रपाळीस शेतावर गेलेला नसावा. परंतु एका डीपीवरच्या सर्वच मोटारी एकाच क्षणीं सुरू झाल्या कीं दाब कोसळतो. मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. ४१५ व्होल्टचे ३५० झाले तर पीळ सुमारें ७१ टक्केच उरतो, मोटारी उचल घेत नाहींत व सगळ्याच तापतात. ऑटोस्विच लावायचाच तर प्रत्येकानें वेगळी विलंबाची वेळ ठेवावी, आणि एक फेज नसल्यास स्टार्टर उचलूं न देणारें उपकरण सोबत असावें. शेजाऱ्यांनीं मिळून ठरविल्यास हें अवघड नाहीं. बांधाच्या तंट्यांपुढें हा विषय सोपाच आहे.

आतां नोटीस कशी वाचावी तें पाहूं. पेटीवर व्होल्टमीटर व अँपिअर मीटर असतात. बहुतेक ठिकाणीं ते बंद पडलेले व काच धुळीनें भरलेली. ते आधीं दुरुस्त करून घ्यावे. नव्या किंवा नुकत्याच भरलेल्या मोटारीचा प्रवाह पहिल्या दिवशींच लिहून ठेवावा, तो आपला मूळ उतारा. पुढें प्रवाह नेहमींपेक्षां कमी झाला व पाणीही कमी झालें, तर बोअरचें पाणी तुटत आहे, तोंडाची जाळी बुजली आहे किंवा पंपाचे पंखे झिजले आहेत. प्रवाह वाढला व पाणी कमी झालें, तर वाळू शिरून पंप घासतो आहे, बेअरिंग गेलें आहे, अथवा खालीं पाइप फुटून पाणी परत बोअरांत पडत आहे. दाब उतरला असतांही प्रवाह वाढतो, म्हणून दोन्ही मीटर एकत्र वाचावे. एकट्या प्रवाहावरून निवाडा देऊं नये.

तिन्ही तारांतील प्रवाह निरनिराळा आला तर दोष विजेच्या लायनीचा कीं मोटारीचा, असा वाद उत्पन्न होतो. वायरमन मोटारीस दोष देतो, मोटारवाला लायनीस. हा वाद मिटविणारी कसोटी अगदीं सोपी आहे. वीज पूर्ण बंद करून जाणत्या वायरमनकडून मोटारीच्या तिन्ही तारा क्रमानें एक एक घर पुढें सरकवून जोडाव्या. याप्रमाणें सरकविल्यानें फिरण्याची दिशा बदलत नाहीं. पुन्हां प्रवाह मोजावा. जास्तीचा प्रवाह लायनीच्या त्याच फेजावर राहिला तर दोष लायनीचा, तो मोटारीच्या तारेबरोबर सरकला तर दोष मोटारीचा किंवा केबलचा. फेरफारावर हरकत आल्यावर मूळ कागद पाहण्यासारखेंच हें आहे.

काटा स्थिर न राहतां संथपणें मागेंपुढें झुलूं लागला, तर त्याकडे विशेष लक्ष द्यावें. रोटरच्या पिंजऱ्याची एखादी कांब तुटली म्हणजे असें होतें. रोटर चुंबकत्वाच्या जितका मागें पडतो, त्याच्या दुप्पट वेगानें प्रवाहांत चढउतार उमटतात. मागें पडण्याचें प्रमाण ४ टक्के असेल तर सेकंदास चार झोके. मोठ्या कारखान्यांत हीच गोष्ट यंत्रानें मोजतात. ५० आवर्तनांच्या दोन्ही बाजूंस, म्हणजे ४६ व ५४ वर, प्रवाहाच्या लहान शिखा दिसल्या कीं कांब तुटली असें ठरवितात. शेतकऱ्यास तें यंत्र नको. काटा जलद असला म्हणजे हे झोके डोळ्यांनीं दिसतात. खालीं उतरून मोटार कोणास पाहतां येत नाहीं, पण तिची नाडी वरपर्यंत येते ती अशी.

वेष्टनाची परीक्षा मेगर नांवाच्या यंत्रानें होते. तें ५०० व्होल्टचा दाब देऊन गुंडाळी व जमीन यांमधील रोध मोजतें. नव्या मोटारींत हा रोध फार मोठा येतो. बोअरांत केबलसह तो कमी भरतो व वर्षागणिक उतरत जातो. एक मेगओहमच्या खालीं गेला तर सावध व्हावें. अर्ध्याच्याही खालीं गेला, तर पीक पाण्यावर नसतांना, सवडीनें मोटार वर काढावी. पुष्कळदां दोष मोटारींत नसून केबलच्या जोडांत पाणी शिरल्याचा असतो, आणि तो थोड्या पैशांत निघतो.

इतकें करूनही मोटार जळाली, तर ती भरावयास टाकण्यापूर्वीं उघडून आपल्या डोळ्यांनीं पहावी. घर जळालें तर आपण पंचनामा करतों. मोटारीचा कां करूं नये? गुंडाळ्या सगळीकडे सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर बोजा जास्त होता, दाब कमी होता, पंप अडकला होता किंवा गारवा मिळाला नाहीं. तिन्हींपैकीं दोन फेजांच्या गुंडाळ्या जळून तिसरी ताजी राहिली, आणि जोडणी स्टारची असली, तर एक फेज गेला होता यांत संशय नको. जोडणी डेल्टाची असल्यास त्याच दोषानें एकच गुंडाळी जळते व दोन वांचतात. एकाच जागीं ठिणगीचा डाग व बाकी सर्व तार स्वच्छ असेल, तर त्या जागचें वेष्टन खरचटलें होतें, म्हणजे बहुधा भरणीचा दोष. खांचेच्या तोंडाशीं तार लोखंडास लागून जळाली असेल तर तेंच अनुमान निघतें. चांगला कारागीर विचारल्यास हें दाखवितो. तोच खरा कारागीर. कारण न शोधतां मोटार भरून घेणें म्हणजे तोच भुर्दंड पुढील सालासाठीं मंजूर करणें होय. भरतांना तारेची जाडी व वेढ्यांची संख्या मुळाप्रमाणेंच आहे ना, हेंही लिहून मागावें. बारीक तार घातली तर ती तापते.

आतां नव्या जातीच्या मोटारीविषयीं. २०१९ सालीं सुरू झालेली केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ सालची महाराष्ट्राची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना यांमुळें ३, ५ व साडेसात अश्वशक्तीचे सौरपंप शेतोशेतीं आले. त्यांपैकीं पुष्कळांत कायम चुंबकाची मोटार असते. तिचा स्टेटर वर सांगितल्यासारखाच, परंतु रोटरवर पिंजऱ्याऐवजीं लोहचुंबक बसविलेले. चुंबकत्व मुळांतच असल्यानें तें उत्पन्न करण्यास वीज खर्ची पडत नाहीं व रोटर मागेंही पडत नाहीं. फिरत्या चुंबकत्वाच्या पावलावर पाऊल टाकून चालतो. सबब तेवढ्याच उन्हांत पाणी अधिक मिळतें. पण ही मोटार थेट लायनीवर चालत नाहीं. रोटर कोठें आहे हें ओळखून त्याप्रमाणें वीज सोडणारा कंट्रोलर तिला लागतोच. म्हणून सौरपंप बंद पडला तर दोष मोटारींत कीं कंट्रोलरांत, हा पहिला प्रश्न होय.

जोरकस चुंबक निओडिमिअम, लोह व बोरॉन यांच्या मिश्रणाचे असतात. हें मिश्रण १९८० नंतरच्या पहिल्या चारपांच वर्षांत जपान व अमेरिका येथें सिद्ध झालें. त्याचे अवगुण दोन. एक, तें लवकर गंजतें, म्हणून त्यावर लेप असतो. लेप फुटला कीं चुंबक भुगा होऊं लागतो. दुसरा, तें उष्णतेनें दुबळें होतें. साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांच्या पुढें बिघडूं लागतो. उष्णता सोसणाऱ्या प्रतींत डिस्प्रोसिअमसारख्या दुर्मिळ धातू घालतात. २०२५ च्या एप्रिलांत चीननें अशा कांहीं धातूंच्या व चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें, तेव्हां आपल्या देशांतील मोटारींच्या कारखानदारांस त्याची झळ लागली. विकत घेतांना चुंबकाची प्रत विचारणें यास्तव गैर नव्हे.

चुंबक दुबळा झाल्याची खूण ही कीं, ऊन तेंच, पाण्याची पातळी तीच, पण तेवढ्याच पाण्यास प्रवाह जास्त लागतो. कंट्रोलरच्या पडद्यावर प्रवाह व फेरे दोन्ही दिसतात, ते निरभ्र दिवशीं दुपारीं बारा वाजतां टिपून ठेवावे. मोटार वर असतांना आणखी एक परीक्षा होते. तिन्ही तारा सुट्या ठेवून दांडा हातानें फिरवावा, तो बारीक टिचक्या देत फिरतो. मग दोन दोन तारांचीं टोकें एकत्र जोडून फिरवावा. तो काकवींत फिरविल्यासारखा जड लागला पाहिजे, व तिन्ही जोड्यांत जडपणा सारखा असला पाहिजे. एखाद्या जोडींत जडपणा नसेल तर त्या वाटेवर तार तुटली आहे. उलट, तारा सुट्या असतांनाही दांडा जड फिरत असेल, तर गुंडाळींत आंतल्या आंत तारेस तार लागली असेल किंवा बुश धरले असतील.

ही मोटार हाताळतांना धोकेही निराळे आहेत. पाइपांतील पाणी उलटें खालीं आलें आणि पंप उलटा फिरला, तर वीज बंद असतांही तारांत दाब उत्पन्न होतो, कारण फिरता चुंबक म्हणजे जनित्रच. पॅनेलची वीजही सूर्य असेपर्यंत बंद होत नाहीं. मेगर लावण्यापूर्वीं कंट्रोलरच्या तारा काढून घ्याव्या, नाहींतर कंट्रोलरच जळेल. साध्या मोटारीचा सराव असलेल्या कारागिरानें हा रोटर भट्टींत तापवूं नये व लोखंडाच्या किसापाशीं उघडा ठेवूं नये. रोटर बाहेर ओढतांना तो इतक्या जोरानें स्टेटरकडे खेंचला जातो कीं बोटें चिरडतात. 'मागेल त्याला' योजनेंतील पंपास विम्यासह पांच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. त्या मुदतींत मोटार खाजगी दुकानांत उघडूंच नये.

तक्रार मात्र लेखी करावी, व तिच्यासाठीं आधींपासून नोंद हवी. एक शंभर पानी वही स्टार्टरच्या पेटींत ठेवावी. तारीख, वेळ, तिन्ही फेजांचा दाब, तिन्ही तारांचा प्रवाह, पाण्याची धार कशी, आणि शेरा, एवढे रकाने पुरे. सौरपंपास दाबाऐवजीं फेरे लिहावे. आठवड्यांतून एकदां लिहिण्यास पांच मिनिटें लागतात. मेगरची परीक्षा वर्षांतून दोनदां, एकदां दिवाळीच्या सुमारास व दुसऱ्यांदा होळीच्या आधीं करून घ्यावी, म्हणजे उन्हाळी पाळ्या सुरू होण्यापूर्वीं मोटार वर काढावयाची कीं नाहीं हें ठरवितां येतें. तक्रारीच्या अर्जास त्या वहींतील शेवटच्या तीन महिन्यांची नक्कल जोडावी व अर्जाची पोंच घ्यावी.